हत्तिणीच्या पोटातली पाल

पालीची मला भीती वाटते, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे घरातल्या पालीची. ओट्यामागून ती डोकावली की मी पेपर घेऊन गॅलरीत जातो आणि बायको झाडू घेऊन आत येते. आमच्या संसारातली ही कामाची वाटणी लग्नाइतकीच जुनी आहे. त्यामुळे मी कातळातल्या पालींचे फोटो काढायला लागलो, तेव्हा बायकोने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"घरातली दिसली की पळता, आणि रानातलीचे फोटो काढता?"

"ती वेगळी," मी म्हणालो.

"पाल ती पाल."

हे वाक्य तिच्या माहेरचं आहे, हे मला पुढे कळलं.

मी राहतो पेणला आणि नोकरीला जातो रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत, प्रयोगशाळेत. एकदा पहिली शिफ्ट संपवून परत येताना नागोठण्याच्या अलीकडे स्कूटर पंक्चर झाली. पंक्चरवाला चाक काढून घेऊन गेला आणि मी रस्त्याकडेच्या एका मोठ्या कातळाच्या सावलीत बसलो. पाठ टेकायला जागा शोधत वर पाहिलं, तर कातळाच्या पोटाला एक दगडाचा तुकडा उलटा चिकटलेला होता आणि तो माझ्याकडे बघत होता.

वीतभर अंग, आणि शेपूट त्याहून लांब. माती आणि शेवाळ मिसळल्यासारखा रंग, त्यावर गडद ठिपक्यांचे वेडेवाकडे पट्टे. पाठीवर बारीक दाण्यांच्या ओळी, जणू कुणी ओल्या अंगावर कणी पेरली आहे. बोटं पसरट, प्रत्येक बोट दगडाला जीव लावून धरलेलं. आणि डोळे! सोन्याचं पाणी दिलेले, मधोमध एक उभी, कातरलेल्या काठांची काळी फट. ती अख्खा वेळ हलली नाही. मीही हललो नाही. माझं न हलणं अर्थातच भीतीने होतं, पण थोड्या वेळाने भीती कुठे गेली ते कळलं नाही. पंक्चरवाला येऊन दोनदा हाक मारून गेला म्हणे.

त्या दिवसापासून मला नाद लागला. फोनवर वाचता वाचता मला एक शब्द सापडला, उपप्रजाती. एकाच जातीची खडकातली पाल एका मुलखात एका ठेवणीची असते आणि दूरच्या मुलखात जरा वेगळ्या ठेवणीची. झालं! पेणची पाल आणि रोह्याची पाल या दोन वेगळ्या उपप्रजाती असणार, असं मी घरच्या घरी ठरवून टाकलं. पुरावा माझ्या घरातच होता. मी पेणचा, बायको रोह्याकडची, आणि आमचं वालाच्या आमटीत गूळ किती घालायचा यावरसुद्धा अजून एकमत नाही.

लवकरच पेणच्या डोंगराकडे मला एक पाल दिसलीही, जाड, आखूड, एकाच रंगाच्या शेपटीची. रोह्याच्या पालीच्या शेपटीवर पट्टे असतात. हिच्या शेपटीवर काही नाही! पालींचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंचा पत्ता शोधून मी त्यांना फोटो पाठवला. नव्या उपप्रजातीला गावाचं नाव द्यावं की माझं, याचा विचारही करून ठेवला होता. गावाचं द्यावं, असं मोठ्या मनाने ठरवलं होतं.

बाईंचं उत्तर आलं. पहिलं वाक्य असं, की या पालीची शेपूट कधीतरी तुटून पुन्हा आलेली आहे आणि नव्या शेपटीवर जुनी नक्षी उमटत नाही.

मी फोन उलटा ठेवला. मग पुन्हा उचलला, कारण पुढे मजकूर होता. त्यांनी लिहिलं होतं, पण तुमचा प्रश्न हसण्यासारखा नाही. या पाली आपला खडक सोडत नाहीत. दोन खडकांमधली भातशेती त्यांच्यासाठी समुद्रासारखी. तो ओलांडायची त्यांच्यात रीत नाही. असं पिढ्यान् पिढ्या वेगळं राहिलं की हळूहळू रूप बदलतं. आधी लोक त्याला उपप्रजाती म्हणतात, आणि कधी कधी नीट पाहिल्यावर ती वेगळीच जात निघते. पेण आणि रोह्याच्या खडकांवरच्या पाली एकच आहेत की नाहीत, हे फोटोवरून मी सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना रस्ता तोच होता, पण मला दिसला वेगळा. भात कापून झालेलं होतं, शेतं रिकामी, सपाट, उन्हात पांढरी पडलेली. आणि त्यात मधेमधे काळे कातळ. मी इतकी वर्षं ते कातळ म्हणजे शेतकऱ्याची अडचण समजत होतो. ती बेटं होती. प्रत्येक बेटावर एक घराणं, शेजारच्या बेटावरच्या घराण्याला कधीही न भेटलेलं, मधला हा सपाटीचा समुद्र आमच्या हायवेपेक्षा, आमच्या गावांच्या नावांपेक्षा, कदाचित इथे भात पिकवणाऱ्या पहिल्या माणसापेक्षाही जुना. मी स्कूटर बाजूला घेऊन थांबलो. शिफ्टला उशीर झाला. साहेबाने कारण विचारलं तेव्हा मी "पंक्चर" म्हणालो. "समुद्र" म्हणालो असतो तर मला मेडिकलला पाठवलं असतं.

आता सासऱ्यांकडे येतो.

माझे सासरे कोलाडच्या पलीकडे एका गावात भात आणि वाल पिकवतात. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पुरता पिकलेला, डावा पिकत आलेला. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. शेतातल्या बुजगावण्याला "चहाला या वो" म्हणाले, तेव्हा मामींना कळलं. त्यावर सगळे हसले. मग एका सकाळी ते विहिरीच्या बिनकठड्याच्या बाजूला गेले आणि एक पाय पुढे टाकून उभे राहिले. शेजारी ओरडला म्हणून तो पाय मागे आला. त्यानंतर कुणी हसलं नाही.

वर्षभर मनधरणी चालली होती. "म्हातारपणी डोळ्याला सुरी कशाला?" हे त्यांचं एकच उत्तर. शेवटी बायकोने दोन दिवस रडून त्यांच्याकडून हो म्हणवून घेतलं. पेणच्या डॉक्टरांनी तारीख दिली. डॉक्टर म्हणाले होते, आणखी उशीर केलात तर उजव्या डोळ्याचं मी काही सांगू शकत नाही. तर तारखेच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन आम्ही दोघं त्यांना आणायला गेलो.

दुपारचं जेवण झालं. बायको आणि मामी सामान बांधायला लागल्या. मामा मला म्हणाले, "ती तुमची दगडातली पाल आमच्या हत्तिणीखाली हाय. चला, दाखवतो."

हत्तीण म्हणजे त्यांच्या खळ्यामागचा कातळ. लांबून खरोखर बसलेल्या हत्तिणीसारखा दिसतो, आणि पोटाखाली माणसाला बसता येईल एवढी पोकळी. मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते, पण वाट त्यांचे पायच दाखवत होते. आत बसल्यावर म्हणाले, "ल्हानपनी राखणीला इथंच असायचो. वर पाच-सहा पाली असायच्या. मी यांच्याकडं बघायचा, या माझ्याकडं. आता मला त्या दिसत नाय. त्यांना मी दिसत असंन."

मी वर पाहिलं. कपारीत पांढऱ्या अंड्यांची जुनी टरफलं पडली होती, खडूच्या तुकड्यांसारखी, किती वर्षांची कोण जाणे. आणि त्यांच्या शेजारी ती होती. माझ्या रस्त्याकडच्या पालीहून मोठी.

"हाय का?" मामांनी विचारलं.

"आहे. पण तोंड आत करून बसलीये."

"मंग हलवा जरा."

माझ्या हातात सेल्फी स्टिक होती. कपारीतले फोटो काढण्यासाठी मुद्दाम घेतलेली. मी ती लांब केली आणि अगदी हळू, प्रयोगशाळेत तराजूवर पावडर टाकतो तितक्या हळू, पालीच्या बाजूला टेकवली. पालीने काय समजायचं ते समजून घेतलं आणि ती सुटली. थेट मामांच्या टकलावर.

पुढचं फार पटकन झालं. मामा "अरं!" म्हणून उठायला गेले, डोकं हत्तिणीच्या पोटाला लागलं, पाल त्यांच्या डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून दगडावर, आणि गायब. तिची शेपूट मात्र मागे राहिली. खाली मातीत ती एकटीच वळवळत होती, जणू काही झालंच नाही. मी ओरडलो. खरं सांगायचं तर त्या ठिकाणी सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो.

आम्ही घरी आलो तेव्हा मामी डाळ घोटत होत्या. "पाल पडली," मामा म्हणाले.

"कुठं?"

"डोक्यावर."

मामींचा हात थांबला. "डोक्यावर पडली म्हंजे..." त्या म्हणाल्या आणि पुढे बोलल्या नाहीत. ते न बोललेलं घरभर पसरलं. पाल अंगावर कुठे पडली की काय होतं, हे आमच्याकडे पंचांगात छापलेलं असतं. डोक्याच्या रकान्यात काही चांगलं नसतं, हे पंचांग न उघडताही सगळ्यांना माहीत असतं.

मामांनी टोपी घातली आणि खाटेवर बसले. "उद्या नाय जायचं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत वर्षभराची मनधरणी, दोन दिवसांचं रडणं आणि ती विहीर, सगळं होतं. आता सांभाळायचं काम माझं होतं, आणि अशा वेळी मी जे करतो तेच केलं. भाषण.

"मामा, पंचांगातली पाल म्हणजे घरातली पाल. भिंतीवरची. ही त्यातली नव्हेच. ही खडकातली. जातच वेगळी."

"पाल ती पाल."

"नाही ना! आणि ही तर कदाचित इथलीच खास उपप्रजाती असेल. म्हणजे फक्त तुमच्या हत्तिणीवरची. पंचांग लिहिणाऱ्यांनी हिला पाहिलेलंसुद्धा नसेल."

मामांनी थोडा विचार केला. "म्हंजे साधी नाय, भारी पाल पडली."

"हो!"

"मंग दोषबी भारीच."

बायको म्हणाली, "तुम्ही आता काही बोलू नका." तिने बापाचे पाय धरले, विहिरीची आठवण दिली, डॉक्टरांचं वाक्य पुन्हा सांगितलं. मामा हलेनात. "पोरी, नशिबानं निरोप धाडला. त्याच्यावर पाय द्यून मी खाटल्यावर झोपू? डाक्टरच्या हातात सुरी असताना?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते खरोखर घाबरले होते. आयुष्यभर विंचू-सापांत वावरलेला माणूस खाटेच्या कडेला दोन्ही हात धरून बसला होता, आणि त्याच्या त्या धुरकट डोळ्यांत बघवत नव्हतं.

डाळ घोटून झाली, फोडणी झाली. मग पदराला हात पुसत मामी बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "पडली कशी पण? इतकी वर्सं तिथं बसतो. कंदी कोनावर पडली नाय."

"मी काठी लावली. मामाच म्हणाले, हलवा."

"मी हलवा म्हटलं," मामा म्हणाले. "पाडा नाय म्हटलं."

"मंग ती पडली नाय," मामी म्हणाल्या. "पाडली."

मामींनी तेच पुन्हा, आता जरा सावकाश, भाताचं शीत चेपून बघावं तसं सांगितलं. "जुनी मानसं सांगायची ते पडलेल्या पालीचं. आपल्या मनानं पडलेली. पाडलेल्या पालीचं कोन काय बोललंय? मी तरी नाय ऐकलं."

मामांनी मान वर केली. "व्हय गो. ते बी खरं." मग लगेच दुसरी शंका. "पर मंग दोष कुठं जातो?"

"पाडनाऱ्याकडं."

"आये!" बायको ओरडली. "तो माझा नवरा हाय!"

"मी कुठं नाय म्हंते?"

मी उभा राहिलो. मराठी व्याकरणात एका कान्याला एवढी किंमत असते, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. "द्या," मी म्हणालो. "सगळा दोष माझा. मामा सुटले."

मामींनी मला डोक्यावरून आंघोळ करायला पाठवलं, देवापुढे दिवा लावायला लावला. थंडीचे दिवस, न्हाणी अंगणात. रसायनशास्त्राची पदवी बाहेर खुंटीला टांगून मी तांब्यावर तांब्या ओतत होतो आणि बाहेरून मामांचा आवाज ऐकू येत होता, "कानाच्या मागं बी घ्या, जावई. कसर नको."

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. मामा पुढे बसले, अगदी निवांत. दोष माझ्याकडे वळता झाल्यामुळे त्यांना हायवेच्या प्रत्येक खड्ड्यात गंमत वाटत होती. "जावई, जपून. आज तुमचा दिवस नाय." ट्रक शेजारून गेला की म्हणायचे, "वाचलात." आरशात मला दिसलं, मागे बसलेल्या बायकोने माझ्या सीटचा पट्टा ओढून बघितला.

आणि खरं सांगू? मीही गाडी बैलगाडीच्या चालीने चालवत होतो.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसल्यावर मात्र गंमत गेली. आत मामांचा उजवा डोळा होता. मी पालीचा विचार करायचं टाळत होतो आणि सारखा तोच करत होतो. दोष माझ्याकडे आला खरा, पण तो नीट आला असेल ना? वाटेत कुठे सांडला नसेल ना? ज्या माणसाने काल उपप्रजातीवर भाषण दिलं, तो आज बाकाखाली बोटं गुंफून बसला होता. बायको म्हणाली, "काय पुटपुटताय?" मी म्हणालो, "काही नाही." तिने माझा हात घेतला. तिचाही हात गार होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिसतंय, आजोबा?" मामा वर बघत राहिले. मग ते म्हणाले, "पंख्याच्या पात्याला धूळ लय हाय."

बायको रडायला लागली. डॉक्टर खजील होऊन पंख्याकडे बघू लागले.

डोळा जपायचा म्हणून मामांना आमच्याकडेच ठेवून घेतलं. दिवसातून चारदा थेंब घालायचे. घालायचं काम माझं, कारण मामांच्या मते दोषाचा माणूस मी, तर सेवाही मीच करावी. थेंब डोळ्यात कमी आणि गालावर जास्त जायचे. मामा वर बघत म्हणायचे, "कंपनीत बी असंच मोजून घालता काय वो?"

ते घरी परत गेले आणि डॉक्टरांनी रानात फिरायला हरकत नाही म्हणून सांगितलं, त्या रविवारी आम्ही हत्तिणीखाली गेलो. मामा पुढे, मी मागे. या वेळी त्यांनी माझा खांदा धरला नाही. पोकळीत गोणपाट अंथरलं आणि ते सरळ उताणे झोपले. मीही शेजारी झोपलो. बाहेर वालाच्या वेलांना शेंगा धरलेल्या, दुपार कलत आलेली, आत गारवा.

मला काही दिसेना. नुसता काळा दगड.

"हाय," मामा कुजबुजले.

"कुठे?"

"बोलू नका. कपारीच्या डाव्या अंगाला. शेपूट आखूड हाय. तीच ती."

मी चष्मा सारखा केला. मग दगडाचा एक भाग दगडातून सुटा झाला आणि पाल झाला. शेपटीच्या जागी आखूड, गुळगुळीत, राखाडी कोंब फुटला होता. जगली होती. तिच्या पलीकडे आणखी एक होती, आणि खूप आत, अंधारात, आणखी एक, बोटाएवढी लहान, शेपटीवर काळेपांढरे स्पष्ट पट्टे असलेली. आम्ही तिघींच्या खाली झोपलो होतो, त्यांच्या बेटावर. त्यांनी आम्हाला हाकललं नाही, एवढं खरं.

मोठीने तोंड उघडलं. आतून एक रुंद, गुलाबी जीभ निघाली, वर गेली, आणि तिने आपला डोळा पुसला. अख्खा डोळा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सावकाश. मग दुसरा. तिला पापण्या नसतात, हे मी वाचलं होतं. उघड्या डोळ्याने ती सगळं आयुष्य काढते आणि तो असा जिभेने स्वच्छ ठेवते. पण वाचणं वेगळं. सोनेरी डोळा ओला होऊन चमकला आणि त्यात हत्तिणीच्या पोटाबाहेरचा सगळा उजेड एका ठिपक्याएवढा मावला.

मामा म्हणाले, "हिला कोन थेंब घालत नाय."

"नाही."

"ल्हानपनी मी इतकं बघितलं यांच्याकडं. पर हे दिसलं नव्हतं." त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला आणि नुसत्या उजव्याने वर पाहिलं. मग उजवा झाकला आणि डाव्याने पाहिलं. डाव्याने पाहताना त्यांचा चेहरा पडला, जणू कुणी समोरचा दिवा काढून नेला. तळहात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "आता ती हाय का तिथं?"

"आहे. आपल्याकडेच बघतेय."

मामांनी हात काढला आणि पुन्हा दोन्ही डोळ्यांनी, म्हणजे खरं तर एकाच डोळ्याने, तिच्याकडे बघत राहिले.

"जावई," ते म्हणाले, "डाव्याची तारीख घ्या."